ताटावर आडवा हात

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक वैशालीबाई. वयानं माझ्या सुनेएवढ्या. त्यांचा फोन आला, "काका, तुम्ही म्हणे सिनेमाच्या लायनीत होतात? आमच्यासाठी किस्से लिहा ना. हिरो-हिरॉइनींचे. लोक आवडीनं वाचतात."

मी म्हटलं, "लिहीन, पण इथल्या, अमेरिकेतल्या कामाचं लिहीन."

"इथे कसलं काम होतं काका?"

"लायटिंगचं."

"अरे वा, तेच लिहा!"

कसली लायटिंग ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता कागद हातात पडल्यावर कळेल. बाई, माझी एकच अट आहे. छापायचं तर अख्खं छापा. एक ओळ कापलीत तरी कागद परत द्या. मी सातवी नापास माणूस. पुन्हा लिहायला मला जमणार नाही, आणि जमलं तरी मी लिहिणार नाही.

तर मी लाइटमन. कोल्हापूरच्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला लागलो, मुंबईत शिडीवर चढलो आणि मेव्हण्यानं बोलावलं म्हणून अमेरिकेला आलो. त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं तर गिऱ्हाइकाशी माझं भांडण व्हायचं. लॉस एंजेलिसला डोंगराच्या पलीकडं व्हॅली म्हणून भाग आहे. तिथं एका गोदामात लाइटमन पाहिजे असं कळलं. मला वाटलं साबणाच्या जाहिराती असतील. पहिल्याच दिवशी कळलं की साबण नाही. मोठ्या माणसांसाठीचे सिनेमे. आपल्याकडं तोंड वाकडं करून ज्यांना 'तसले' म्हणतात, ते. त्या तसल्या सिनेमांना मी उजेड दिला. आयुष्यातली चांगली कमावती वर्षं दिला.

ज्यांना इथंच पान उलटायचं असेल त्यांनी उलटावं, माझा राग नाही. पण चटक म्हणून जे वाचत राहतील त्यांनाही सांगून ठेवतो, पुढं तसलं काही नाही. लाइटमनची पाठ नटांकडं आणि तोंड भिंतीकडं असतं. उजेड कुठं पडतो ते भिंतीवर कळतं.

पहिल्या दिवशी घरी आलो आणि शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही काय करायचं तिथं?"

"दिवे लावायचे."

"मग लावा की. गावाकडं सगळे म्हणत होते, हा अमेरिकेत जाऊन काय दिवे लावणार आहे. आता सांगता येईल."

एवढंच बोलली. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही आणि माझा डबा भरायचा कधी चुकवला नाही. लपवाछपवी केली ती निखिलनं, आमच्या मुलानं. शाळेत असल्यापासून त्याचं एक ठरलेलं होतं, "बाबा, जस्ट से टीव्ही." मी कुणाला टीव्ही म्हणालो नाही. लायटिंग म्हणायचो. समोरचा विचारायचा, "लग्नाची का?" मी म्हणायचो, "सगळीच." आणि मग पुढं कुणी काही विचारायचं नाही. माणसं स्वतःबद्दल सांगायला आलेली असतात, तुमचं ऐकायला नाही. मंडळात इतकी वर्षं मी गेलो, आणि मी अमेरिकेत काय काम केलं हे तिथं एकालाही माहीत नाही. दर दिवाळीच्या जेवणाला मसालेभात वाढायला उभा असतो तो म्हातारा, एवढीच माझी ओळख.

आता धंदा समजावून सांगतो.

मी लागलो तेव्हा सेट असायचे. रेशमी पडदे, खोटा महाल. मग सगळं इंटरनेटवर गेलं आणि लोकांना महाल नको झाला. लोकांना 'खरं' पाहिजे झालं. शेजारची बाई, चुकून घरात आलेला पाहुणा, लपवलेला कॅमेरा. रिॲलिटी म्हणतात त्याला. त्यातली शेजारीण शेजारची नसायची, पाहुणा ठरवून आलेला असायचा, आणि घर भाड्याचं. कॅमेरावाल्याच्या हाताला चांगला सराव असायचा, पण तो मुद्दाम हात थरथरवायचा. नाहीतर खरं वाटत नाही.

माझं काम सगळ्यात अवघड. लाइट लावायचा, पण लाइट लावलाय असं दिसता कामा नये. खिडकीबाहेर मोठा दिवा लावून त्याच्यावर बटर पेपर ताणायचा की झालं दुपारचं ऊन. छताला थर्माकोल लावून त्याच्यावर उजेड मारायचा की झाला घरातला साधा उजेड. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं कुणी लाइटमन आलेलाच नाही. मुंबईत माझा दिवा हिरॉइनच्या गालावर चमकला की लोक वाहवा करायचे. इथं माझं काम चांगलं झालं याचा अर्थ मी नव्हतोच. सवय व्हायला वेळ लागला, पण झाली. सांगायला हरकत नाही, व्हॅलीत माझ्यासारखं दुपारचं ऊन कुणाला जमत नव्हतं.

माझा मालक केनी. मालकही तोच, डायरेक्टरही तोच. फुलाफुलांचे शर्ट घालायचा आणि सगळ्यांना मिठी मारायचा. शालनचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात फुलं घेऊन आला होता, निखिलच्या आधी आला होता. हे लिहितो कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही त्याला राक्षस समजाल. तसा तो नव्हता. त्याला 'खऱ्या'ची भूक लागली होती, एवढंच.

आणि गंमत अशी की खरं समोर आलं की त्याला ओळखू येत नसे. एकदा खरंखुरं नवरा-बायकोचं जोडपं आलं. स्वतःहून आलेलं, पन्नाशीकडं झुकलेलं. केनी खूश, म्हणाला, "अंकल, आज अस्सल माल." सेटवर सगळे मला अंकलच म्हणायचे. तर ती दोघं पलंगावर बसली. कॅमेरा सुरू झाला. नवऱ्यानं पहिलं काय केलं, तर तिच्या कमरेमागं उशी सरकवली आणि म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय ना वाकून बसू नको?" ती म्हणाली, "कुत्र्याला पाणी ठेवलंस का?" झालं. कुत्र्यावरनं दोघांची जुंपली. केनी ओरडला, "कट! हे कोण खरं मानेल?"

मी शिडीवर हसून हसून पडायचा राहिलो. घरी येऊन शालनला सांगितलं. ती म्हणाली, "मग? ठेवलं होतं का पाणी?"

आता रूबीचं सांगतो. सगळा लेख तिच्यासाठीच आहे.

रूबी हे तिचं कामावरचं नाव. खरं नाव मला माहीत आहे. ते माझं नाही, म्हणून लिहीत नाही. तिशीतली, हसरी, कामाला चोख. वेळेवर येणार, ठरलेलं करणार आणि जाणार. बँकेत कामाला असती तरी तशीच असती.

या रिॲलिटीच्या कामात एक भानगड असते. गोष्टीत बाई 'नको नको' म्हणते, 'थांब' म्हणते, 'हे काय' म्हणते. ते सगळं नाटक. मग तिला खरंच थांबायचं असेल तर तिनं काय म्हणायचं? म्हणून एक वेगळा शब्द आधी ठरवतात. तो शब्द उच्चारला की सगळ्यांनी हात वर करून बाजूला व्हायचं. रूबीचा शब्द होता 'रेड'. एकदा तिला बरं वाटेना, ती म्हणाली, "रेड." माझ्या कानावर पडलं रेड. लाइटमनला रेड म्हणजे काय, लाल जिलेटिन. दिव्यापुढं लावायचा रंगीत कागद. मी निघालो शिडी चढायला. ती पुन्हा म्हणाली, "रेड, अंकल, रेड!" मी म्हटलं, "लावतोय, दम धर!" बाकीच्यांनाही वाटलं, दिव्याचंच चाललंय. मला लाल कागद घेऊन शिडीवर बघितलं तेव्हा तिला रडता रडता हसू आलं, आणि तेव्हा कुठं सगळे थांबले.

त्या दिवसापासून ती म्हणायला लागली, असा शब्द पाहिजे जो इथं दुसऱ्या कशासाठी कुणी बोलत नाही.

तो शब्द दुपारी जेवताना सापडला. माझा डबा मोठा असायचा. शालन एकट्याचा डबा कधी भरायचीच नाही, चार माणसांचा भरायची. मी रूबीला वांग्याची भाजी वाढत होतो. ती म्हणाली, "बास म्हणायला तुमच्यात काय म्हणतात?" मी सांगितलं, "पुरे." ती म्हणाली, "पुरे." मी आणखी एक डाव वाढला. ती ओरडली, "अंकल! मी आत्ता पुरे म्हणाले ना?"

"तोंडानं म्हणालीस. तोंडानं सगळेच म्हणतात, ती रीत असते. पोट भरलं असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. मग कुणी वाढत नाही."

"कुणीच नाही?"

"कुणाची बिशाद नाही."

तिनं प्लेटवर हात आडवा धरून बघितला. "पुरे." मी डाव मागं घेतला. तिनं परत धरला, परत मी मागं घेतला. लहान मुलासारखी कितीतरी वेळ खेळत बसली होती. मग म्हणाली, "हाच माझा शब्द. अंकल, मी पुरे म्हटलं की तू काय करशील?"

मी म्हटलं, "माझ्याकडं मेन स्विच आहे."

ते ठरलं. केनीला सांगितलं, तो हसला, "कूल, कूल" म्हणाला. पण झालं असं की तो शब्द सगळ्यांनाच आवडला. कुणी कॉफी ओतायला लागलं की कॅमेरावाला म्हणायचा, "पुरे!" केनी पिझ्झाच्या खोक्यावरसुद्धा पुरे म्हणायला लागला. मला ऐकायला बरं वाटायचं. इतक्या लांब परक्या तोंडात आपला शब्द! त्यात काही धोका असेल असं डोक्यात आलं नाही.

मग तो दिवस. डोंगरावरचं भाड्याचं घर, पडदे ओढलेले, आणि खिडकीपाशी दिवा लावून मी केलेलं दुपारचं ऊन. रूबीबरोबर ठरलं होतं, एकच जोडीदार, ओळखीचा. ती झगा घालून सोफ्यावर बसली होती, अजून सुरुवातच होती. माझं तोंड भिंतीकडं. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, एक अनोळखी माणूस हसत आत आला आणि त्याच्याही हातात कॅमेरा. तो ठरलेल्यात नव्हता. तिला सांगितलेलं नव्हतं, मलाही नाही. केनीनं मुद्दाम सांगितलं नव्हतं. का, तर तिचा चेहरा खरा दिसावा म्हणून.

ती म्हणाली, "पुरे."

मोठ्यानं नाही. जेवताना म्हणतात तसंच.

मी मेन ओढला.

अंधार झाला. केनीचा आवाज आला, "कुणी केलं हे? अंकल! ते सोनं होतं! आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर खरं काहीतरी झालं!"

मी म्हटलं, "म्हणूनच बंद केलं."

पडद्याच्या फटीतनं उन्हाची एक रेघ येत होती, तेवढ्याच उजेडात रूबीनं आपले बूट शोधले. शेवटी मी टॉर्च धरला. ती गाडीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी केनीनं सांगितलं, अंधार व्हायच्या आधीचा तिचा चेहरा तो सगळ्या जाहिरातींत लावणार. दार उघडतं, ती बघते, आणि घाबरते. "अंकल, लोक वर्षानुवर्षं खोटं घाबरलेलं बघतायत. मी त्यांना खरं देणार." मी म्हटलं, तिनं शब्द उच्चारला, ते बाहेर काढता येत नाही. तो म्हणाला, "कुठला शब्द? पुरे? तो तर आपला जेवणातला जोक आहे. काल मी कॉफीला म्हटलं, तेव्हा तू मेन बंद केलास का?"

रूबीला एवढंच पाहिजे होतं की तो चेहरा कुणी बघू नये. ती म्हणायची, "बाकी मी जे केलं ते मी केलं. तो चेहरा मी केलेला नाही, तो माझा आहे. तो विकायचा नाही." तिनं वकील केला. कोर्टात जाण्याआधी समेटाची बैठक असते, एक मध्यस्थ बसतो. आमची मध्यस्थ म्हणजे पांढऱ्या केसांची एक बाई, खांद्यावर विणलेली शाल. टेबलाच्या एका बाजूला केनी आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला रूबी, तिचा वकील आणि साक्षीदार म्हणून मी. कोट निखिलच्या लग्नातला.

माझं इंग्रजी सेटपुरतं. शिवाय केनीचा वकील म्हणाला, या शब्दाचा अर्थ साक्षीदारानं सांगायचा नाही, तिऱ्हाईतानं सांगायचा. म्हणून स्क्रीनवर एक दुभाषी मुलगी आली. लांबच्या बेलव्ह्यू गावची, मृण्मयी नाव. इथंच जन्मलेली, नोकरी दुसरीच, हे काम अधूनमधून करायची. मला बघून म्हणाली, "नमस्कार काका. मी थोडं स्लो बोलेन, चालेल? माझं मराठी किचनमधलं आहे."

आपलं माणूस दिसल्यावर मला धीर आला. तो फार टिकला नाही.

केनीच्या वकिलानं तिला विचारलं, पुरे म्हणजे काय? ती म्हणाली, इनफ. त्यानं विचारलं, मराठी माणूस हा शब्द ऐकल्यावर थांबतो का?

ती हसली. मनापासून हसली. म्हणाली, "माझ्या आजीकडे? नेव्हर. पुरे म्हटलं की ती अजून एक पोळी वाढायची. पुरे म्हणणं इज लाइक, पोलाइट."

केनीनं टेबलावर थाप मारली. त्याच्या वकिलानं मला विचारायला सांगितलं. मृण्मयी म्हणाली, "काका, ते विचारतायत, हे बरोबर आहे का? आपले लोक पुरे म्हटल्यावर थांबत नाहीत?"

खोटं बोलायला काय लागत होतं? त्या खोलीत मराठी कळणारी ती एकच पोरगी, तीही किचनमधली. 'नाही, लगेच थांबतात' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. रूबी माझ्याकडं बघत होती. पण जन्मभर खोट्याला खरं दाखवायला उजेड देत आलो होतो, ते सेटवर. तोंडानं कधी दिला नव्हता. माझा हट्ट म्हणा.

मी म्हटलं, "बरोबर आहे. थांबत नाहीत. मीही थांबत नाही."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. रूबीनं डोळे खाली घातले. मला वाटलं, या बाईनं विश्वासानं आपला शब्द घेतला, आणि आपण तिला असा शब्द दिला की जो आपल्याच घरात कुणी पाळत नाही.

केनीचा वकील आभार मानून कागद गोळा करायला लागला. तेवढ्यात मृण्मयी म्हणाली, "सॉरी, माझं उत्तर पुरं नाही झालं."

वकील म्हणाला, झालं की.

"नाही. आजी एकदाच थांबायची." आणि माझ्याकडं वळून मराठीत, "काका, आम्ही असं करायचो." तिनं स्क्रीनवर हात आडवा धरला, खाली काहीच नव्हतं तरी. "असं केलं की आजी थांबायची. मग कितीही लाडका नातू असू दे. त्यांनी असं केलं होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. माझं तोंड भिंतीकडं होतं. रूबीला विचारलं, तर तिलाही आठवेना. म्हणाली, फक्त दार आठवतं.

शालवाली बाई म्हणाली, "मग बघूया."

केनीला स्वतःच्या हातानं ते लावावं लागलं. ज्या तुकड्याचा त्याला एवढा अभिमान होता, तो. दार उघडतं. रूबीचा चेहरा वळतो. मी चेहऱ्याकडं नाही बघितलं, सवयीनं उजेडाकडं बघितलं. खिडकीपाशी मी केलेलं दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. आणि त्या उन्हात तिचा हात वर आला. पंजा पालथा, बोटं जुळलेली, मांडीवर आडवा. ताटावर धरतात तसा. शब्द नंतर आला. हात आधी आला होता.

मग अंधार.

मृण्मयीनं तोंडावर हात धरला होता. केनीचा वकील म्हणाला, हा तर हात, असा कुणीही धरतो, याला कुठली भाषा लागते?

शालवाली बाई म्हणाली, "तेच म्हणते मी. हे समजायला मराठी लागत नाही."

तो तुकडा सगळीकडून पुसून टाकायचं ठरलं आणि पुसला गेला. रूबीच्या वकिलानं समोर बसून खात्री केली. केनी जाताना माझ्यापाशी थांबला. मिठी मारली नाही. म्हणाला, "अंकल, तो हात दिसला कसा? एवढ्या कमी उजेडात दिसायला नको होता." मी म्हटलं, "उजेड कमी नव्हता. कमी वाटेल असा केलेला होता." हे मात्र मी जरा ताठ मानेनं म्हटलं.

स्क्रीन बंद करायच्या आधी मृण्मयी म्हणाली, "काका, मी हे कुणालाच सांगणार नाही. आम्हाला सांगायचं नसतंच." मी म्हटलं, "सांगितलंस तरी चालेल, पोरी." ती म्हणाली, "काळजी घ्या." आणि स्क्रीन काळी झाली.

बाहेर गाड्यांजवळ रूबी उभी होती. मी म्हटलं, "जेवलीस का?" दुसरं काय बोलायचं सुचलं नाही. तिला घरी घेऊन आलो. शालननं दारात विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "कामावरची." तिनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पान मांडलं. वरणभात, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. रूबी जेवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुरे." शालननं अर्थातच आणखी भात वाढला.

मी ओरडलो, "शालन, थांब!"

"काय झालं ओरडायला?"

रूबी म्हणाली, "इट्स ओके, अंकल. हे तोंडाचं होतं." मग तिनं ताटावर हात आडवा धरला. शालनचा पिठल्याचा डाव हवेत थांबला. रूबीनं हात काढला नाही. नुसती बघत राहिली, खरंच थांबते का म्हणून. शालनला काही माहीत नव्हतं, तरी ती थांबून राहिली. बराच वेळ. पिठलं डावातनं ठिबकलं तरी हलली नाही.

मग रूबीनं आपण होऊन हात काढला. शालननं वाढलं.

त्यानंतर मला केनीचा फोन आला नाही. त्याचं एक वेळ समजू शकतो. पण व्हॅलीत कुणाचाच आला नाही. शब्द फिरला, म्हातारा मध्येच लाइट बंद करतो. या धंद्यात काढून टाकत नाहीत, नुसता फोन येत नाही. चांगलं काम असं संपतं याचं वाईट वाटतं. रूबीनंही ते काम सोडलं की दुसरीकडं केलं, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. तिनं काय करावं हे मी कोण सांगणार? काही लोक म्हणतील, त्या कामात असून नीतीच्या गोष्टी कसल्या करतोस. म्हणू देत. जिथं सगळंच खोटं असतं, तिथं खरं 'नको' कुणाला तरी ऐकू येणं, एवढी एकच नीती असते. ती सांभाळायला माणूस लागतो.

शालन गेली. निखिल मला त्याच्याकडं, इथं शुगर लँडला घेऊन आला. घर मोठं आहे. माझी खोली वर. एवढ्या वर्षांच्या दिव्यांनी डोळे अधू झालेत, म्हणून गाडी चालवता येत नाही, आणि इथं गाडीशिवाय माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. बाहेर दमट ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सून चांगली आहे. कामावर जाण्याआधी डबे भरून फ्रिजमध्ये ठेवते, प्रत्येकावर नाव लिहून. नात म्हणते, "आजोबा, जस्ट मायक्रोवेव्ह इट." मी गरम करतो आणि जेवतो. जेवढं डब्यात असतं तेवढंच असतं. कुणी वाढत नाही, त्यामुळं पुरे म्हणायचं कारण पडत नाही. हा शब्द मी शेवटचा कधी बोललो ते आठवत नाही. तो एकट्याला बोलता येत नाही.

यंदाही मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात मसालेभाताला मीच उभा आहे. वैशालीबाई म्हणतात, अंक त्याच दिवशी सकाळी वाटणार. म्हणजे माझ्यासमोर ताट घेऊन याल तेव्हा काहींनी हे वाचलेलं असेल. निखिललाही हे मी अजून सांगितलेलं नाही, तोही वाचेल. तुमच्यापैकी काहींना वाटेल, या हातचं नको. तोंडानं म्हणू नका. तोंडाचं पुरे मी ऐकत नाही, आणखी एक डाव वाढीन. हात आडवा धरा. मी काही विचारणार नाही, वाईट वाटलं तरी दाखवणार नाही, डाव मागं घेईन आणि पुढच्या ताटाकडं वळेन.

आणि कुणी धरलेला हात काढलाच, तर मी तिथंच उभा आहे.